एक्सच्या दोन किमती

क्लासच्या परीक्षेत पहिला नंबर आला तर आफरीनला पुण्यातलं पंधरा दिवसांचं गणिताचं शिबिर मिळणार होतं, झोपायला स्वतःची कॉट मिळणार होती, आणि तीन धाकट्या भावांचा दंगा पंधरा दिवस ऐकू येणार नव्हता. दुसरा आला तर शून्य. ही अट तिच्या बापाची. नबीसाब रिक्षांचे हूड शिवतो; मापापेक्षा बोटभर कापड जास्त सोडणारा माणूस नव्हे. "पैली आई तो जा, नै तो नै," असं तो म्हणाला, तेव्हा पोरगी पहिली येणार नाही याचा त्याला पक्का भरवसा होता. शिबिराला क्लासमधून एकच नाव जायचं, क्लास सिद्रामप्पा सरांचा, आणि त्याच बॅचला सरांचा मुलगा मृत्युंजय. नबीसाबला अकरावीचं गणित येत नसलं तरी हे गणित येत होतं.

निकाल लागला तसा तो बरोबरच ठरला. चाळीसपैकी मृत्युंजयला एकोणचाळीस, आफरीनला अडतीस.

आफरीनचे दोन गुण गेले ते एकाच गणितात. बारा सी एक्स बरोबर बारा सी दोन एक्स वजा तीन, तर एक्स किती? बारा सी एक्स म्हणजे बारांतून एक्स जण निवडायच्या तऱ्हा. हे सरांचं लाडकं गणित, कारण त्याच्यावर त्यांची युक्ती चालायची. गावातल्या पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या माडीवरच्या क्लासात चौदा वर्षं ती पोरांना तोंडपाठ होती: बारा पोरांतली पाच रिक्षात बसवली की सात आपसूक फुटपाथवर राहतात, म्हणून पाच निवडायच्या तऱ्हा तेवढ्याच सात निवडायच्या. तेव्हा फॅक्टोरियलच्या नादी लागू नका. दोन्ही 'सी'पुढचे आकडे मिळवा आणि बेरीज बारा धरा. तीन एक्स वजा तीन बरोबर बारा, एक्स पाच. दहा सेकंदांचं काम. पलीकडच्या गल्लीतल्या क्लासवाल्याला यालाच दीड मिनिट लागतं, हे सांगायला सर कधी विसरले नाहीत.

त्रेचाळीस पोरांपैकी बेचाळिसांनी पाच लिहिलं. आफरीननं लिहिलं, पाच किंवा तीन. सरांनी लाल पेनानं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, दोन उत्तरं म्हणजे अंदाजपंचे.

पेपर हातात पडल्यावर ती भर वर्गात उठून सरांच्या टेबलाशी गेली. सर माणूस वाईट नव्हेत, पण पुढचा धडा थांबला होता आणि वर्ग बघत होता. त्यांनी पेपरवर ओझरती नजर टाकली आणि एक गुण वाढवून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे एकोणचाळीस-एकोणचाळीस, आणि बरोबरी झाली की नाव कुणाचं पाठवायचं ते सरांच्या हाती. वर्गाला हा मोठेपणा वाटला.

"एक नको सर," आफरीन म्हणाली. "चुकलं असेल तर शून्य राहू द्या. बरोबर असेल तर दोन द्या."

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "नबीसाबची पोरगी हाय की, मापात कमी कशी घेईल." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू पुढं केला.

तिनं फळ्यावर एक्सच्या जागी तीन घातलं. डावीकडं बारा सी तीन. उजवीकडं दोन त्रिक सहा, सहातून तीन गेले, पुन्हा बारा सी तीन. इथंच थांबली असती तरी भागलं असतं. पण सरांनी टाळायला शिकवलेले फॅक्टोरियल तिनं मुद्दाम मांडले. वर बारा फॅक्टोरियल, खाली तीन आणि नऊचे. नऊ फॅक्टोरियल वरखाली उडवला. बारा, अकरा, दहाचा गुणाकार, भागिले सहा: दोनशे वीस. मग पाच घालून दोन्हीकडं सातशे ब्याण्णव आणून दाखवले, म्हणजे सरांच्या उत्तरावरही अन्याय नको.

"तुमची युक्ती बरोबर आहे सर. पण पाच रिक्षात आणि सात फुटपाथवर या गडबडीत, दोन्हीकडं तीन-तीनच निवडायची असली तर, हे राहून गेलं."

पहिल्या बाकावर मृत्युंजयनं वहीत तीन घालून पाहिलं होतं. वर्गात तो बापाला सर म्हणायचा; त्या दिवशी विसरला. "अप्पा," तो म्हणाला, "तिचं बरोबर हाय."

मग सर खाली पोरांत जाऊन बसले आणि आफरीनला म्हणाले, सगळ्यांसाठी पहिल्यापासून सांग, सावकाश. संध्याकाळी ते आपण होऊन पलीकडच्या गल्लीत गेले आणि त्या क्लासवाल्याला दारातच ऐकवून आले, "माझ्या पोरीनं माझी चूक काढली. तुझ्याकडं हाय का कोण असं?"

नबीसाबनं शब्द फिरवला नाही. हूडचं माप घेता घेता तो रिक्षावाल्यांना बारा, पाच, सात समजावू लागला. पुढं तीनपाशी अडकायचा, पण तोवर छाती फुगलेली असायची. "दो जवाब थे, मेरी बेटी कू दोनों आए," एवढं सांगून टेप गुंडाळायचा.

आफरीनला दोन गुण देऊन सरांचं काम झालं असतं. पण त्यांनी सगळे पेपर परत मागवले: अर्धं उत्तर, अर्धे गुण. आफरीनला चाळीस पडले. बेचाळीस पोरांनी एकेक गुण भरला. मृत्युंजयनं एक गुण आणि वर पुणं भरलं. आणि सरांनी जे भरलं ते घरी: मृत्युंजयची आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.