मागं घेतलेला कौल

वेदिकाला पुण्याला जायचं होतं आणि तिच्या बाबांना ती रत्नागिरीतच हवी होती. गोष्ट एवढीशी, पण तिच्यापायी घरात बरेच दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

तिचे बाबा अनिल लोटे गावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात पाळीवर कामाला. तिथंच खोली करून राहायचे आणि रविवारी गावी यायचे. त्या कारखान्यात काचेपलीकडे एक थंडगार प्रयोगशाळा होती आणि तिथं पांढरे कोट घातलेल्या मुली काम करायच्या. त्यातला एक कोट अनिलनी मनातल्या मनात कधीचा आपल्या लेकीला घालून ठेवला होता. रत्नागिरीत केमिस्ट्री, मग लोटे, मग बापलेक एकाच कंपनीच्या बसमध्ये. स्वप्न म्हणून वाईट नव्हतं, फक्त ते बापाचं होतं.

आणि ही बया म्हणत होती, मी पुरातत्त्व शिकणार. गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, कोण जाणे कुणी, कोणत्या काळी, माणसं, हत्ती, पक्षी कोरून ठेवलेत. वेदिका अकरावीत असताना पुण्याहून काही अभ्यासक ते मोजायला आले. त्यांच्या टेपचं दुसरं टोक धरायला तिला बोलावलं आणि तिथंच पोरगी कामातून गेली. आता पुण्याच्या कॉलेजात तिचं नाव लागलं होतं आणि प्रवेश पक्का करायचा तो सोमवारी.

रविवारी अनिलनी जाहीर केलं की आपण देवीला विचारू. वेदिकाच्या आईनं, मथुरानं, कपाळाला हात लावला. पण देवीचा कौल म्हटला की आमच्याकडे वाद संपतो. वेदिका मुकाट्यानं चप्पल घालून निघाली. मथुरानं पिशवीत दोन नारळ टाकले. एक देवीला, आणि दुसरा नवऱ्याला चुकून सुबुद्धी झालीच तर.

कौलाची रीत सोपी आहे. गुरव देवीच्या पाषाणावर पाणी शिंपडतो आणि दोन्ही खांद्यांवर एकेक तगरीची कळी चिकटवतो. देवीच्या उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आणि कळी पडेपर्यंत बसलेल्यानं उठायचं नाही.

रावजी गुरवानं कळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, अनिलची पोर रत्नागिरीत केमिस्ट्रीला जाऊ दे, असं तुझ्या मनात असंल तर उजवी दे. नसंल तर डावी दे."

"व्हय म्हाराजा," मागं बसलेली चार डोकी म्हणाली. वेदिकाही म्हणाली, पण ओठातल्या ओठात.

कळ्या हलेनात. एक माशी उजव्या कळीवर येऊन बसली तेव्हा अनिल बसल्या जागेवरून पुढं वाकले, पण माशी नुसतीच हात चोळून उडून गेली. रावजीनं डोळे मिटले. त्याला गाव ध्यान म्हणतं आणि मथुरा डुलकी म्हणते.

बापलेक शेजारीशेजारी बसून राहिले. इतका वेळ एकमेकांजवळ बसायची दोघांची सवयच मोडली होती. रविवारी बाबा यायचे ते झोपायला आणि उठायचे ते निघायला. शेवटी गप्प बसून कंटाळा आला म्हणून अनिलनी विचारलं, की त्या चित्रांत एवढं आहे तरी काय.

वेदिकानं सांगायला सुरुवात केली ती नाइलाजानं, पण हळूहळू तिला जोर चढला. तो हत्ती इतका मोठा आहे की शेजारी उभं राहून तो पुरा दिसतच नाही, मग कोरणाऱ्यानं तो डोळ्यांपुढं आणला कसा, असं ती बाबांनाच विचारू लागली. अनिल ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "आणि मासा बघितलास काय?"

"कुठला मासा?"

सड्याच्या पार टोकाला, करवंदीच्या जाळीत एक मासा होता. लहानपणी गुरं राखताना अनिल त्याच्यात आडवे व्हायचे. डोकं माशाच्या तोंडाकडं, आणि पाय शेपटीला कधी लागतात ते बघायचं. पोरांची उंची मोजायची तीच जागा होती. पुढं गुरं गेली, जाळी वाढली आणि तिकडं कुणी फिरकलं नाही.

"बाबा, तो कुणालाच माहीत नाय," वेदिका म्हणाली.

"मना माहीत हाय की."

त्यांनी शेजारच्या तांब्यात बोट बुडवलं आणि देवळाच्या फरशीवर पाण्यानं मासा काढला. कल्ला असा होता, शेपूट अशी वर उचललेली. वेदिका पालथी पडून तो मासा वितीनं मोजू लागली आणि बाबांच्या उंचीशी त्याचा हिशेब घालत हसत सुटली. अनिल बघत राहिले. त्यांनी पांढरा कोट घातलेली लेक मनात इतकी वर्षं सांभाळली होती, पण ती कधी अशी हसलेली त्यांना आठवेना. त्यांना आतून भरून आलं, आणि आपण किती दिवस हिच्याशी बोललोच नाही याची लाजही वाटली.

"रावजी," ते म्हणाले, "प्रश्न मागं घेतो."

रावजीचं ध्यान खाडकन उतरलं. देवीपुढं ठेवलेला प्रश्न मागं घ्यायचा म्हणजे काय, असं त्याच्या बापजाद्यांत कुणी केलं नव्हतं, असं तो बराच वेळ कुरकुरला. मथुरानं पिशवीतला दुसरा नारळ काढून त्याच्यापुढं ठेवला, तेव्हा कुठं तो उठला.

"बा म्हाराजा, हा अनिल तुला इचारायला आला आणि उत्तर त्याला बाजूलाच गावलं. तुला उगाच ताटकळत ठेवलं, त्याची क्षमा कर. पोरीला पुण्यात सांभाळ."

"व्हय म्हाराजा." या वेळी सगळ्यांत मोठा आवाज वेदिकाचा होता.

आणि कळी पडली. उजवी.

उजवी म्हणजे तर रत्नागिरीला होय. वेदिकानं बाबांकडं बघितलं, बाबांनी रावजीकडं. रावजीनं शांतपणे कळी उचलली आणि वेदिकाच्या ओंजळीत टाकली. "प्रश्न मागं घेतल्यावर पडलं," तो म्हणाला, "तें नुसतं फूल."

पुण्यात पहिले काही दिवस वेदिका होस्टेलच्या मेसमध्ये एकटीच जेवायची. मग पहिल्या परीक्षेच्या सकाळी साऱ्या मुली पोह्यांपुढं सुतकी चेहरे करून बसलेल्या पाहून तिला राहवेना. ती उठली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, की बा म्हाराजा, पेपर सोपा पडू दे आणि आमटीत डाळ सापडू दे. सांगली-नांदेडच्या मुलींना "व्हय म्हाराजा" शिकायला किती वेळ लागणार? त्यानंतर सामना असो, सहल असो, वेदिकाच्या गाऱ्हाण्याशिवाय होस्टेलचं पान हलेना. ती गड चढली, चित्रं काढायला शिकली, वाचनालयात हक्काची खिडकी पटकावली.

थंडीत तिचा अख्खा वर्ग सड्यावर उतरला. अनिलनी रजा काढली होती आणि कोयत्यानं जाळी आधीच साफ केली होती. मासा होता तसाच होता, शेपूट वर उचललेली. सगळ्यांच्या आग्रहावरून अनिल त्याच्यात आडवे झाले, तर पाय शेपटीच्या पार बाहेर गेले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग मोजमाप सुरू झालं. टेपचं एक टोक वेदिकानं स्वतः धरलं. दुसरं तिनं बाबांच्या हातात दिलं आणि सांगितलं, ताठ धरा, हलू नका.

"व्हय म्हाराजा," अनिल म्हणाले.