चाळिसावा खाना

कोणी खरं मानणार नाही, पण पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोर नूर मोहम्मदच्या दुकानात जो कॉम्प्युटर होता, त्यानं दोन हजार तीन साली एका हरवलेल्या माणसाची मोजणी केली. नाव नाही, पत्ता नाही, खाना कोराच्या कोरा, आणि खाली आकडा चाळीस! हसा खुशाल. ज्याला खोटं वाटेल त्यानं निदान शेवटपर्यंत बसावं.

नूर मोहम्मद हाडाचा टायपिस्ट. चंद्रपूरला कचेरीबाहेर तीस वर्षं टाइपरायटर बडवून त्याची बोटं अशी सपाट झाली होती, की बोटाच्या टोकावर तो भरली बशी तोलून धरी. एकदा म्हणे एक अस्वल मोहफुलाचा अर्ज घेऊन आलं आणि खाली मधाचा अंगठा लावून गेलं. तो कागद अजून फाइलीतून निघत नाही, असं तो शपथेवर सांगायचा.

पण गप्पा मारायला समोर माणूस लागतो. बायको सुरय्या होती तोवर स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "ही झाली सांगून! नवी सांगा." ती जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा अल्ताफ नागपूरला. कोणती गप्प कोणाला सांगून झाली हे सांगणारं कोणी उरलं नाही, म्हणून नूर मोहम्मदनं कॉम्प्युटरवर एक तक्ता मांडला. रोजची एक ओळ. पहिल्या खान्यात तारीख, दुसऱ्यात ऐकणाऱ्याचं नाव, तिसऱ्यात गप्प. तळाशी दोन फॉर्म्युले: एक ओळी मोजायचा, दुसरा नावांचे भरलेले खाने मोजायचा. तीन महिन्यांनी पाहिलं तर ओळी ब्याण्णव, भरलेले खाने सतरा. फॉर्म्युला चुकला असेल म्हणून त्यानं तो पाच वेळा पुसून पुन्हा मारला. सतराच.

अशात एका दुपारी जंगलातल्या टोल्यावरून, तिथल्या लहानशा वस्तीवरून, पत्रू आला. काखेत सर्वेच्या कागदांचा गठ्ठा.

"नूरभाऊ, आमचे चाळीस घरं हायेत. चाळीस भरले का सरकार टोल्यावर बोअर मारून देते म्हणे. परवा फ्लॉपी चंद्रपूरले द्याची हाये. बाया दोन कोस नाल्यावर जाऊन राह्यल्या, तुमाले माहीतच हाये."

नूर मोहम्मदनं संध्याकाळपर्यंत सगळे कागद चढवले. तळाला आकडे आले. ओळी चाळीस. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात भरलेले खाने एकोणचाळीस.

"तुमच्या मशीनले झोप लागली का?" पत्रू म्हणाला. "मी सोता दारोदार फिरून मोजले. चाळीस!"

"झोप नाई लागली, पत्रू. घर आहे म्हणून ओळ आहे. पण एका घरापुढे नावच नाई. चंद्रपूरचा साहेब ओळी पाहत नाई, भरलेले खाने पाहते. नियमच तसा काढला त्यानं."

पत्रूनं पडद्यावर बोट नेलं आणि मागे घेतलं. "हे सोनीबाईचं घर."

सोनीबाईचा नवरा झिंगू बारा वर्षांपूर्वी बल्लारपूरला गाडीत बसला, तो कोणत्या मुलखात उतरला ते कोणालाच कळलं नाही. राहत नसलेल्या माणसाचं नाव चालणार नाही, असं सर्वेवाला म्हणाला. बाईचं लिहा, तर बाई म्हणाली, त्याच्या जागी माझं नाव लिहिलं म्हणजे तो मेला. टोल्यानंही जोर केला नाही. तिथली रीतच तशी. नव्या धानाच्या जेवणाला आजही झिंगूचं पान मांडतात आणि त्या पानावर कोणी बसत नाही. सर्वेवाल्याच्या कागदावरही त्यांनी ती जागा तशीच सोडली होती.

"बाईलेच घेऊन ये उद्या," नूर मोहम्मद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पत्रूसोबत सोनीबाई आली. हातभर बांगड्या, पायांवर धूळ. स्टुलावर बसली नाही, उंबऱ्यालगत टेकली.

"बाई, नुसतं नाव लिवाचं आहे. त्यानं कोणी मरत नाई."

"लिवू नोका, भाऊ."

"मग बोअर?"

"मले समजते. टोल्यातल्या बाया भरले हंडे घेऊन माह्या दारावरून जाते. कोनी मले एक शब्द बोलत नाई. बोलल्या असत्या तं बरं झालं असतं. पन लिवू नोका."

पत्रू उठून बाहेर गेला. एसटी कधी येते ते पाहतो म्हणाला, पण एसटीला अजून तास होता.

नूर मोहम्मद पडद्याकडे बघत राहिला. चाळीस ओळी, त्यात एक कोरा खाना. त्याच्या स्वतःच्या तक्त्यात असे पंचाहत्तर होते, आणि त्यांच्यासाठी कोणी पान मांडत नव्हतं. त्यानं बाण हलवत त्या खान्यावर नेला. उजव्या हाताचा अंगठा एकदाच खाली गेला. खाना होता तसाच दिसला, पांढरा, रिकामा. तळाचा एकोणचाळीस मात्र चाळीस झाला. रिकामे खाने मोजायचा फॉर्म्युला मारून पाहिला, तर तिथं शून्य. टाइप करताना नुसती एक जागा सोडली तरी मशीनच्या लेखी खाना भरला.

काम तिथंच संपलं होतं. फ्लॉपी काढून द्यायची आणि गप्प बसायचं. पण कित्येक महिन्यांत उंबऱ्यावर असं कान देऊन कोणी बसलं नव्हतं.

"बाई! इकडं पाहा, इकडं!" तो खुर्चीतून अर्धा उठला. "पाहा, खाना कोरा आहे ना? आन खाली चाळीस! मी काईच नाई केलं. मशीननं आपल्या मनानं मोजलं. अवो, या मशिनीचे तार साऱ्या मुलखात गेले आहेत. तिकडं समुद्राच्या काठी कुठी तरी आज सकाळी तुमच्या माणसाची हजेरी लागली असन. ते याले इथी ऐकू आलं. नाव नाई समजलं त्याले, पण माणूस आहे एवढं समजलं. आहे म्हणून तं मोजलं!"

सोनीबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. ती उठून टेबलाजवळ आली. पडद्याकडे पाहिलं, कोऱ्या खान्याकडे, खालच्या आकड्याकडे. तिचे ओठ हलले. आपलं बोलणं कुठवर गेलं ते नूर मोहम्मदला तेव्हा समजलं. हे अस्वल नव्हतं. ही बाई उद्यापासून समुद्राची वाट विचारत सुटली तर?

ती वाकली आणि कीबोर्डच्या तळाची लांब पट्टी तिनं बोटानं दाखवली.

"लबाड बोलून राह्यले तुमी, नूरभाऊ! मी शिकली नाई, पन डोळे हायेत मले. तुमचा अंगठा या पट्टीवर पडला, मंग आकडा हलला. मशीनले काई ऐकू नाई आलं. तुमीच केलं." मग जरा हळू, "पन आता काढू नोका. राहू द्या."