खिडकीपाशी दबणारी फळी

मी चाकांवरची खोली बोलतेय. मोटारीमागे जोडून न्यायची, दोन पलंगांची, एका शेगडीची. कारखान्यातून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते. आताचा रंग विचारू नका.

मला एका गवंड्यानं विकत घेतलं. पार आडबाजूला, रानात, सुट्टीत जाऊन राहायला त्यानं जमिनीचा तुकडा घेतला होता. तिथे ना नळ, ना वीज, ना शेजार. बायको म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांची घरं बांधलीत आणि आपल्याला हा डबा?" पण पहिल्याच दिवशी तिनं माझ्या खिडकीला पडदे शिवून लावले.

जमीन उताराची. माती खचली की मी कलंडायचे. मग गवंडी बाहेर बसून मला उचलून धरणाऱ्या जॅकचा दांडा फिरवायचा आणि ती आत खिडकीपाशी उभी राहून ओट्यावरची, पातळी दाखवणारी काचनळी बघायची. नळीतला बुडबुडा मधोमध यायला हवा.

"जमलं का?"

"अजून थोडं... अजून... बस्, जमलं! या आत."

एकट्यानं करायचं तर आत-बाहेर करून जीव मेटाकुटीला येईल असं ते काम. त्यांनी ते कायम दोघांनीच केलं.

मी माणसं वजनावरून ओळखते. ती उभी राहिली की खिडकीपाशची फळी जराशी दबायची आणि करकरायची. दुसऱ्या कुणाच्याही पायाखाली ती तशी वाजली नाही.

मग ती आजारी पडली आणि दोन आठवड्यांत दवाखान्यातच गेली.

महिन्याभरानं गवंडी एकटा आला. दांडा फिरवता फिरवता सवयीनं विचारून गेला, "जमलं का?" आणि त्यानं जीभ चावली.

फळी करकरली.

"अजून थोडं," आतून आवाज आला.

शपथेवर सांगते, माझ्यात कुणी नव्हतं. त्यानं दांडा आणखी दोनदा फिरवला. "बस्, जमलं." तो धावत आत आला. खोली रिकामी होती आणि बुडबुडा बरोबर मधोमध होता.

त्यानंतर तो घरी गेलाच नाही. सकाळी आपल्या हातानं मला कलंडवायचा आणि पुन्हा सरळ करायला बसायचा, केवळ विचारता यावं म्हणून. आधी दिवसातून एकदा, मग चारदा, मग दिवसभर. जेवणाची शुद्ध नव्हती. खोकला छातीत बसला. पलंगावरचं त्याचं वजन रोज कमी होताना मला कळत होतं. हा माणूस माझ्यातच मरणार, या विचारानं मी धास्तावले होते.

शेवटी मुलगी न्यायला आली. "बाबा, नुसती हाडं उरलीत हो तुमची! चला घरी."

"तू आत जा आणि ऐक," असं म्हणून तो दांड्याशी बसला.

मुलगी आत आली, फळीपासून दोन पावलांवर थांबली.

"जमलं का?"

फळी करकरली. मुलीनं तोंडावर हात दाबला. आवाज तिच्या कानाशीच आला होता.

"नाही जमत आता. पोरीबरोबर घरी जा."

बाहेर दांडा थांबला. गवंड्यानं तो पुसला, माझ्या पायरीवर ठेवला आणि मोटारीत जाऊन बसला.

त्यालाही आता वर्षं लोटली. माझी चाकं मातीत रुतलीत. सगळी भांडी घरंगळून एका कोपऱ्यात गेलीत. इथे कुणी फिरकत नाही. खिडकीपाशची फळी आधी फक्त दुपारी दबायची, आता ती दबलेलीच असते. आणि हल्ली तिथून गवंड्याची बायकोच विचारते, "अहो, फिरवताय ना?"

मला उत्तर देता येत नाही. म्हणून तुम्हाला विनवते. कधी या बाजूला आलात, तर पायरीवरचा गंजका दांडा उचला, जॅकला लावा आणि चारदा फिरवा. बुडबुडा बघायला आत येऊ नका. बाहेरूनच मोठ्यानं विचारा, "जमलं का?"

ती सांगेल.