चार्जिंगचा दिवा

"बॅटरी नवी हाय, ताई. तिला कशाला हात लावतीस?" ऋषिराज ओट्यावरूनच म्हणाला.

"नवी हाय, मग पुन्यांदा उतरली कशी? आता कुणी ठेवला दिवा चालू?"

राजेश्वरीने बॉनेट उघडलं आणि वीज मोजायचा आबांचा मीटर हातात घेतला. मोटारीच्या स्टार्टरपासून घरातल्या फ्यूजपर्यंत सगळं आबा याच मीटरने तपासत, आणि लहानपणी तारा धरायला तिलाच हाक मारत.

आबा, म्हणजे हिंदुराव, जन्मभर एस.टी. चालवून शेळगावला परतले होते. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि दारातली गाडी सुरूच झाली नाही. शेजारच्या बादशाहभाईंचा टेम्पो मळ्यातून येईपर्यंत वेळ गेला. इंदापूरच्या वाटेवर आबा गेले. तेव्हापासून ऋषिराज भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता. आदल्या दिवशी आबाच गाडीतला दिवा बंद करायचा विसरले, म्हणून बॅटरी उतरली. लोक मान हलवत, वय झालं की व्हायचंच म्हणत. रडताना आईसुद्धा नवऱ्यालाच बोल लावू लागली होती.

राजेश्वरीच्या गळी ते उतरत नव्हतं. डेपोत गाडी लावली की आबा एकेका बटणावरून बोट फिरवल्याशिवाय खाली उतरत नसत. घरच्या गाडीतही तीच सवय. तो माणूस आता विसराळू ठरला होता, आणि स्वतःच्या मरणाचा धनीही.

बादशाहभाईंनी टेम्पो जवळ घेऊन केबल जोडली. बॅटरी थोडी भरू दिली, मग गाडी सुरू करून केबल काढली. इंजिन चालू असताना मीटरचा काटा चौदा व्होल्टच्या आसपास जायला हवा होता. तो बारावरच अडला, आणि हेडलाइट लावताच खाली घसरला. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हता. बॅटरी भरलीच जात नव्हती. तिने इंजिन बंद करवून पट्टा दाबून पाहिला, वायरी हलवून पाहिल्या. सगळं घट्ट होतं. राहिला अल्टरनेटर, चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा. त्याच्या फटींत चिखल वाळून बसला होता आणि एका फटीत झेंडूची पाकळी अडकली होती.

"दसऱ्याला इंजिन कशानं धुतलंस?"

"फवारणीच्या पंपानं. समदेच धुत्यात."

"पूजा गाडीची केलीस का तिला आंघोळ घातलीस रं?" बादशाहभाई म्हणाले. "आतपातूर पानी मारलंस की."

पण बॅटरी भरत नसेल तर चालकासमोर लाल दिवा लागायला हवा होता. राजेश्वरी आत बसली. तिने गाडी पुन्हा सुरू केली आणि स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या काचेवर वाकून पाहिलं. एका कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. तिने तो नखाने उचकटला. खालचा बॅटरीचा दिवा लालभडक पेटलेला होता.

तिने बोटाला चिकटलेली पट्टी ऋषिराजला दाखवली.

"डोळ्यात खुपायचा त्यो," तो म्हणाला. "गाडी चालत हुती. म्हनलं, कारखाना सुरू हून उसाचं पैसं आलं की बघू."

"आबांनी इचारलं न्हाय?"

ऋषिराज ओट्यावरून खाली उतरला.

"इचारलं हुतं. म्हनलं, ही तुमची एस.टी. न्हाय."

राजेश्वरीने मीटर सीटवर ठेवला. ओरडावंसं वाटलं, पण तिचा आवाज उलट खाली गेला. "तुला समदं ठावं हुतं. तरी त्येंचं नाव सांगत फिरलास."

"मग काय सांगू? माज्या हातनं बाप गेला म्हनून सांगू?"

त्याची कीव करायची तिची तयारी नव्हती.

बादशाहभाईंसाठी चहा घेऊन आई, प्रयागबाई, केव्हाची उंबऱ्यात उभी होती. ती पुढे आली, त्यांच्या हाती कप दिला आणि वाकून आतला लाल दिवा पाहिला.

तेवढ्यात कऱ्हाटी गावची पाहुणेमंडळी दुखवट्याला भेटायला आली. आईने सतरंजी टाकली, पाणी दिलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, कसं काय झालं म्हणून. सगळ्यांच्या माना सवयीने ऋषिराजकडे वळल्या.

"गाडीत बिघाड हुता, कुणी बघितला न्हाय," आई म्हणाली. "त्येंच्या हातनं कायबी इसरलं न्हवतं."

राजेश्वरी गाडीकडे गेली. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग हेडलाइट, वायपर, पंखा, आतला दिवा, एकेका बटणावरून बोट फिरवलं. पट्टीचा काळा तुकडा अजून त्या बोटालाच चिकटलेला होता.