एकही तक्रार नाही

सिस्टरनी छापलेली यादी थेट त्याच्या कीबोर्डवर ठेवली.

"इंजिनिअर, माझी चार मशिन्स आजही रिकामी आहेत."

तो इंजिनिअर नव्हता. कॉम्प्युटरचं काम व्हिडिओ बघून बघून शिकलेला, म्हणून अख्खं डायलिसिस सेंटर त्याला तसं चिडवायचं. त्याने यादी पाहिली. पेशंटना घरून आणणाऱ्या गाडीची यादी. सत्तावीस नावं.

"बरोबर आहे की. सोमवारीही सत्तावीसच होती."

"एकतीस असतात. सोमवारी मला वाटलं, दांडी मारली असेल. आज बुधवार. शुक्रवारपासून त्या चौघांचं रक्त साफ झालेलं नाही. पाच दिवस. कळतंय का तुला?"

कळत होतं.

शनिवार-रविवार बसून त्याने डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला होता. नेल्या नेल्या त्रेसष्ट क्वेरी, म्हणजे माहितीतून याद्या काढून देणाऱ्या आज्ञा, मोडल्या. पूर्वी कुणीतरी दोन तक्ते जोडताना बरोबरच्या चिन्हाला एक चांदणी चिकटवून ठेवली होती, नव्या आवृत्तीला ती चालेना. त्याने सगळीकडून चांदणी पुसली. क्वेरी धावल्या. सोमवारी तो दिवसभर फोनकडे बघत बसला. एकही तक्रार आली नाही. मंगळवारी साहेबांना छाती फुगवून सांगून आला, झालं काम.

चांदणी कशासाठी होती, ते त्याने आत्ता शोधलं. डावीकडच्या माणसाला उजवीकडे जोड सापडली नाही, तरी त्याला यादीत ठेव. एवढंच ती सांगत होती. डावीकडे पेशंट होते. उजवीकडे नातेवाईक.

जोडणी नव्या पद्धतीने लिहिताना स्पेलिंग दोनदा चुकलं. मग क्वेरी धावली. एकतीस. चार ओळींत नातेवाइकाचा रकाना कोरा.

सिस्टर त्याच्या खांद्यावरून वाचत होत्या.

"म्हणजे ज्यांना कुणी नाही, त्यांचीच नावं गेली?"

"हो."

"म्हणून कुणी बोंबललं नाही."

त्याने फोन ओढला. तिघांनी उचलला. त्यांना वाटलं होतं, मशीन बिघडलं असेल. चौथीचा नुसता वाजत राहिला.

सिस्टरनी सांगितल्यावर ड्रायव्हरकाका खाली गाडी सुरू करून बसले होते. तो न विचारता शेजारी चढला आणि पहिला पत्ता चौथीचा सांगितला.

"यादीत नाव नाही तर मी कुणाच्या दारात जाऊ?" काका म्हणाले. "तुझा कॉम्प्युटर शहाणा, आम्ही आपले गाढव."

"काका, जरा जोरात घ्या."

काकांनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वेग वाढवला. प्रत्येक सिग्नलला तो तोच नंबर लावत होता.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा श्वास फुलला. बेल दाबली. पुन्हा दाबली. मग थापा मारल्या. काही नाही. त्याने दाराला कान लावला. आत, खूप लांबून, फरशीवर काहीतरी घासत येत होतं. थांबायचं, परत घासायचं. कडी दोनदा निसटली.

दार उघडलं. एक म्हातारी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. चेहरा सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. पाऊल चपलेत मावत नव्हतं, नुसतं वर टेकवलेलं.

"सेंटरमधून आलोय, आजी. चला. गाडी खाली उभी आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बोलली ते एकेक शब्द सुटा करून.

"शुक्रवारी मी ड्रायव्हरला बोलले. खिडकी उघडी ठेवली म्हणून. फार बोलले." तिने श्वास घेतला. "म्हणून काढलं ना माझं नाव?"

"नाही, आजी. ते असं झालं की..."

"चुकलंच माझं. आता नाही बोलणार कुणाला. सांगशील त्याला?"

त्याने तोंड उघडलं. तिचा हात खुर्चीवरून घसरत होता. तो त्याने धरला.

"सांगतो," तो म्हणाला, आणि तिला पाठीवर घ्यायला उंबऱ्यात खाली बसला.