कोंडातली मुशी

"मुशीपायी माझं कंबरडं मोडून पडलं," भिमीआजी हातपंपाच्या दांड्याला लोंबकळत पुटपुटली. "कोंड हाय हाकेवर, आन गोधड्या धुवायच्या पंपावर. चाळीस वरसं बसले त्या पाण्यात. माझी चिमूटभर कातडी कुणी खाल्ली नाय."

मागे हंडा घेऊन गिरजा उभी होती. तिने ऐकावं म्हणूनच ते पुटपुटणं होतं. पाड्यात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ते जिभेवर आणायची तेवढी कुणाची तयारी नव्हती.

दिवाळी उलटून आठ दिवस झाले होते, तेव्हा सकाळी नदीतल्या खोल डोहाकडून, कोंडाकडून, एकच बार ऐकू आला. उशिराचा फटाका असेल, म्हणाले लोक. मग गिरजाचा पोरगा धनेश उजवा हात गमछ्यात गुंडाळून धावत आला. गमछ्यात मनगटापुढे काही नव्हतं. मासे मारायला त्याने जिलेटिनची कांडी पेटवली होती. वात आखूड निघाली. कांडी आणली होती गिरजाच्या दिराने, जैतूने. तो खाणीवर सुरुंग भरायला जायचा.

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? पोलिसाचं नाव निघायच्या आत गिरजाच्या तोंडून निघालं, "मुशी." मनोरकडे, जिथवर खाडीचं पाणी चढतं तिथे, मुशीने, म्हणजे शार्क माशाने, माणसाचा पाय धरल्याचं तिने मोबाइलवर पाहिलं होतं. आपल्या नदीत यायची तर मुशीला धरणाची भिंत चढावी लागली असती. पण आईच्या तोंडून निघालेलं जनावर ते. भिंत काय, डोंगर चढून येतं.

महिनाभरात मुशी वाढली. शेजारच्या पाड्यात ती सात हातांची झाली, डोळखांबच्या बाजारात दहा. आया पोरांना नदीवर पाठवीनात. शेवटी चार पाड्यांनी मिळून ठरवलं, म्हसा गावच्या जत्रेआधी कोंडात ब्लीचिंग पावडर ओतायची. मुशी वर आली की भाले. सगळ्यात पुढे होता जैतू. मुशी मेली की बोलणंच मिटलं.

कोंडात होते ते खडस मासे. नवा भात शिजला की पहिली मूठ त्यांची. गिरजा नवी नवरी होती तेव्हा सासूने तिला काठावर आणून म्हटलं होतं, "ह्या आपल्या माहेरवाशिणी गो. यांच्यावर गळ टाकायचा नाय." बार झाला त्या दिवशी पांढरी पोटं वर करून कितीतरी तरंगले. गिरजाने ते पाहिले नाहीत. ती गमछ्याकडे पाहत होती. पुढे मूठभर भात घेऊन ती एकटीच गेली, तेव्हा एकच वर आला. म्हातारा, फाटक्या ओठाचा. भात खाऊन खाली गेला, मनात काही न धरल्यासारखा.

पावडर टाकायच्या आदल्या संध्याकाळी धनेश डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावायला शिकत होता.

"काय करू रे?" गिरजाने विचारलं.

"खरं बोललीस तर मला आत टाकतील, आये. काकालाबी." एक बटण लागलं, दुसरं सुटलं. मग तो म्हणाला, "तो फाटक्या ओठाचा हाय अजून?"

"हाय."

त्याने सुटलेलं बटण पुन्हा धरलं.

सकाळी काठावर माणूस मावेना. तीन गोण्या पावडर, भाले, पोरांचे मोबाइल. गिरजा पदराखाली मूठ झाकून आली.

"वहिनी, मागं व्हा," जैतू म्हणाला. "पावडर डोळ्यांत जायची."

"मावशे, आज तुझ्या पोराच्या हाताचा वचपा काढतो," पलीकडच्या पाड्यातला एकजण ओरडला.

गिरजा थेट पाण्यात उतरली. गुडघाभर.

"अगो मुशी हाय! भायेर ये!" गर्दीतून कुणी ओरडलं.

तिने मूठ उघडली. भात पसरला, हळूहळू बुडू लागला. मग हिरव्या पाण्यातून तांबूस पाठ वर आली, तिच्या पोटऱ्यांना घासून वळली आणि फाटक्या ओठाने शितं वेचू लागली.

"घ्या," भिमीआजी काठावरून म्हणाली. "हीच काय रे तुमची दहा हातांची?"

कुणी हसलं नाही. जैतू गिरजाकडे बघत होता. त्याने कुणाला दिसेल न दिसेल असे हात जोडले आणि मान हलवली. त्याची दोन लेकरं गिरजाच्या मांडीवर वाढली होती. गर्दीच्या मागे धनेश उभा होता, उजवी बाही दुमडून टाचलेली. त्याने नजर खाली घातली नाही.

एकाने गोणीची शिवण उसवली.

"मुशी नव्हती," गिरजा म्हणाली. मग ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. "मुशी नव्हती. बार व्हता. माझ्या धनेशनं पेटवला, कांडी जैतूभावजींनी आणली. आन मुशी... ती मी सोडली या पाण्यात."