शिवकांताची पाठ

“इथं हाडच दिसत नाहीये,” उजेडाच्या पेटीवर लावलेल्या फिल्मवर डॉक्टरांनी बोट ठेवलं.

बायको शेजारी स्टुलावर बसली होती, दवाखान्याच्या निळ्या झग्यात, मान खाली घालून. शिवकांता तिचं नाव. गेवराईत आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकानं काहीही मागो, फळीवरची थानं उतरवून दाखवायचं काम तिचं. दोन वर्षांपूर्वी तिची पाठ धरली. थान उचलताना लचक भरली असेल, असं सगळे म्हणाले. चोळून झालं, शेकून झालं, एक्स-रेसुद्धा चांगला आला. खोकला नाही, थुंकी नाही, मग टीबी कुणाच्या मनात येणार? शेवटी पुण्याला आणली, तेव्हा हाडांचा स्कॅन झाला. किंचित किरणं सोडणारं औषध सुईनं हातात देतात, तीन तास पाणी पीत बसवतात आणि मग मोठ्या कॅमेऱ्याखाली निजवतात. हाड जिथं आजारी असेल तिथं ते औषध साठतं आणि फिल्मवर काळा डाग उमटतो. हिच्या पाठीच्या मधोमध असा डाग निघाला. तिथं सुई घालून तपासलं, तर मणक्याचा टीबी.

त्याला वर्ष झालं. वर्षभर गोळ्या आणि बगलेपासून कमरेपर्यंत कडक पट्टा. आज दुसरा स्कॅन होता. डाग निवळला असला तर गोळ्या बंद, पट्टा बंद. नाहीतर मणक्याचं ऑपरेशन. आणि आता डागाच्या जागी पांढरं भोक!

“रोगानं खाल्लं काय, सायेब?” मी विचारलं.

डॉक्टर पुन्हा फिल्मपाशी वाकले. “कड बघा ना याची. अंड्यासारखी गुळगुळीत. रोग इतकं नीटनेटकं काम करत नाही.” मग ते हिच्याकडे वळले. “बाई, अंगावर धातूचं काही राहिलं होतं का?”

तिनं मान आणखी खाली घातली. वीस वर्षांच्या संसारात तिची ही खूण मला पाठ झालेली. तिच्या गळ्याकडे बघितलं, तर एरवी छातीवर लोंबणारा दोरा आज उलटा पाठीकडे गेलेला.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीत असतं आणि जिवात जीव असेतो ते अंगावेगळं करायचं नसतं. गेल्या वर्षी स्कॅनच्या वेळी ते काढून माझ्या हाती द्यावं लागलं होतं. दुखण्यानं बेजार झालेली, मुकाट्यानं दिलं, आणि घरी गेल्यावर दोन दिवस अन्नाला शिवली नाही. यंदा हिनं आधीच बेत करून ठेवला होता.

“आगं, पाठीचाच फोटू काढायलेत अन् तू डबी पाठीवरच ठिवली?”

“मला काय ठावं? कॅमेरा वरून बघतोय म्हणून खाली लपवली. त्यो पलंगाखाली बी जातोय, ते कोण सांगितलं मला?”

स्कॅन घेणाऱ्या बाई वैतागल्या. “आता काढून ठेवा, परत घेऊ.”

“न्हाई.”

“अहो, पण...”

“पूजेला बसल्यावर लिंग कुठं असतंय, बाई? डाव्या तळहातावर. म्हंजी अंगावरच हाय की. हात लांब धरते. तुमी पाठ बघा, मी लिंग बघते.”

डॉक्टर हसले आणि मान डोलावली.

वीस मिनिटं ती डावा तळहात उघडा ठेवून निजली. बोट हललं नाही. मी दाराच्या काचेतून बघत होतो.

नवी फिल्म पेटीवर चढली. पाठीचे मणके एका ओळीत, सारख्या रंगाचे. डागाच्या जागी जेमतेम सावली.

“गोळ्या बंद,” डॉक्टर म्हणाले. “पट्टाही बंद.” मग एकदम काही आठवून त्यांनी विचारलं, “मघाशी त्या डबीवर तुम्ही एवढा वेळ निजलात. टोचली नाही?”

शिवकांतानं आठवून बघितलं. “न्हाई बा. ध्यानातच न्हाई आलं.”

वर्षापूर्वी पाठीखाली चादरीची घडी आली तरी ही किंचाळायची! मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. दवाखान्याबाहेरच्या एसटीडी बूथवरून पोरीला फोन लावला आणि रिसीव्हर धरून नुसता रडत सुटलो. शेवटी शिवकांतानंच रिसीव्हर ओढून घेतला. “वर्षाराणी, तुझ्या बापाला काय झालं न्हाई. मी बरी झाले म्हणून रडायलेत.”

त्या वर्षात तिनं पूजा भिंतीला उशी लावून, टेकून केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी सवयीनं उशी आणली.

“ऱ्हाऊ द्या ती,” ती म्हणाली. भिंतीपाशी पडून असलेला पाट तिनं स्वतः वाकून उचलला, खोलीच्या मधोमध मांडला आणि डबी उघडून लिंग तळहातावर घेतलं. तिच्या पाठीमागं काहीच नव्हतं आणि ती ताठ बसली होती. मी उशी छातीशी धरून दारातच उभा राहिलो.